सॉफ्टवेअर-प्रलेखनाची लेखनसाधने

संगणकाचे सॉफ्टवेअर कसे बसवावे, कसे वापरावे आणि त्यात अडचण आल्यास काय करावे, यांविषयीची माहिती लिहिण्यासाठी, तिची रचना करण्यासाठी व ती वेळोवेळी सुधारण्यासाठी ज्या आज्ञावली आणि मजकुराचे जे ठराविक नमुने वापरतात, त्यांना सॉफ्टवेअर-प्रलेखनाची लेखनसाधने म्हणतात. या साधनांद्वारे तयार झालेली माहिती छापील पुस्तिका, पडद्यावरील मदत किंवा संकेतस्थळ या रूपांत वाचकापर्यंत पोहोचते. लेखनसाधनाची निवड ही वरवर पाहता सोयीची बाब वाटते. पण मूळ मजकूर कोणत्या स्वरूपात साठविला जाईल हे त्या निवडीने ठरते, आणि मजकुराचे आयुष्य साधनाच्या आयुष्याहून बहुधा अधिक असते. म्हणून या निवडीला दूरगामी महत्त्व आहे.

स्वरूप व महत्त्व : सॉफ्टवेअरच्या प्रलेखनात सामान्यतः तीन प्रकारचा मजकूर असतो : संकल्पना स्पष्ट करणारा, एखादे काम क्रमाक्रमाने कसे करावे हे सांगणारा, आणि आज्ञा, पर्याय व संदेश यांचे अर्थ संदर्भासाठी नोंदविणारा. ग्रंथाचा वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो. मदत शोधणारा वाचक मात्र काम अडल्यावर येतो, हवे तेवढेच वाचतो आणि कामाकडे परततो. शिकणारे लोक सूचना क्रमाने वाचण्याऐवजी प्रत्यक्ष काम करून पाहतात, असे जॉन कॅरल यांना आय. बी. एम. या कंपनीतील संशोधनात आढळले. त्यावरून त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अल्पाक्षरी व कार्यकेंद्री पुस्तिकांचा पुरस्कार केला. अशा वाचकासाठी मजकुराचे लहान, स्वयंपूर्ण घटक करावे लागतात आणि ते नेमक्या स्थळी उपलब्ध करून द्यावे लागतात.

प्रलेखनातील उणिवांचे परिणाम कधीकधी गंभीर होतात. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रारणाची अतिरिक्त मात्रा मिळाली व त्यांपैकी काहींचा मृत्यू ओढवला. सॉफ्टवेअरमधील दोष आणि स्वतंत्र सुरक्षा-योजनेचा अभाव ही या अपघातांची मुख्य कारणे होती. तथापि ‘मालफंक्शन ५४’ यासारख्या, पडद्यावर उमटणाऱ्या संदेशांचा अर्थ चालकाला दिलेल्या पुस्तिकेत नव्हता. असे संदेश नेहमीच येत असल्याने चालक एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवीत. आज्ञावलीतील प्रत्येक संदेशाला पुस्तिकेत नोंद आहे की नाही, हे आपोआप तपासता येणे ही लेखनसाधनाकडून केली जाणारी अपेक्षा म्हणूनच केवळ सोयीपुरती नसते.

दुसरी अडचण मजकुराच्या आकाराची व सततच्या बदलांची असते. आय. बी. एम. च्या ओएस/३६० या परिचालन प्रणालीच्या निर्मितीत प्रकल्पाची अंतर्गत कार्यपुस्तिका सुमारे दीड मीटर जाडीची झाली आणि तीत दररोज सरासरी १५० पाने बदलावी लागत, असे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये नमूद केले आहे. पुढे ही पुस्तिका मायक्रोफिशवर ठेवण्यात आली. म्हणजे मजकूर लिहिण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, तो अद्ययावत ठेवण्याचा प्रश्न सुरुवातीपासून महत्त्वाचा ठरला.

इतिहास : संगणकावर मजकुराची मांडणी करणारी ‘रनऑफ’ ही आज्ञावली जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे तयार केली. मजकुराच्या ओळींमध्येच मांडणीच्या लघुसूचना लिहिण्याची तिची पद्धत बेल प्रयोगशाळेतील ‘रॉफ’ या आज्ञावलीत उतरली. युनिक्स प्रणालीच्या निर्मात्यांना पीडीपी-११ हा संगणक मिळाला, तो प्रयोगशाळेच्या एकस्व विभागासाठी मजकूर-संस्करणाची सोय करण्याच्या निमित्तानेच. युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तीत प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र नोंद असून नाव, वापराचा सारांश, वर्णन, संबंधित फाइली, अन्यत्र पहा व ज्ञात दोष अशी तिची ठराविक रचना आहे. हीच पाने पुढे पडद्यावर मागविता येऊ लागली. जोसेफ ओसाना यांच्या ‘ट्रॉफ’ (१९७३) या आज्ञावलीमुळे तोच मजकूर अक्षरजुळणी यंत्रावर छापणे शक्य झाले. युनिक्सच्या वंशातील प्रणालींमध्ये ही पाने आजही लिहिली जातात.

मांडणी व अर्थ वेगळे ठेवावेत, हा विचार आय. बी. एम. मध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या कामातून पुढे आला. ‘हा मजकूर ठळक अक्षरांत छापा’ असे न सांगता ‘हे शीर्षक आहे’, ‘हा इशारा आहे’ अशा खुणा मजकुरात घालावयाच्या आणि छपाईचे रूप नंतर ठरवावयाचे, हे या पद्धतीचे सार होय. तिच्यातूनच एसजीएमएल या खूणभाषेचे आंतरराष्ट्रीय मानक (१९८६) व तिचे सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल (१९९८) या भाषा निर्माण झाल्या. डॉनल्ड कनूथ यांची ‘टेक’ (१९७८) ही अक्षरजुळणी-आज्ञावली आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर उभारलेली ‘लाटेक’ यांचाही तांत्रिक लेखनात मोठा प्रसार झाला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातील ‘टेक्सइन्फो’ या पद्धतीने १९८० नंतरच्या दशकात एकाच मूळ मजकुरातून छापील ग्रंथ आणि पडद्यावरील मदत अशी दोन्ही रूपे देऊन पुढील वाटचालीची दिशा दाखविली.

वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर मदतीचे स्वरूप पालटले. विंडोज ३·० (१९९०) या प्रणालीबरोबर ‘विनहेल्प’ ही मदत-पद्धती आली. तिच्यासाठी शब्दसंस्करण आज्ञावलीत मजकूर लिहून तळटिपांमध्ये विशिष्ट चिन्हे घालावी लागत : एका चिन्हाने घटकाची ओळख, दुसऱ्याने त्याचे शीर्षक, तर ‘के’ या अक्षराने सूचीतील शब्द दर्शविले जात. दुव्याच्या शब्दाखाली दुहेरी रेघ ओढून त्यापुढे लपविलेल्या अक्षरांत गंतव्य घटकाचे नाव लिहावे लागे. नंतर संकलकाच्या साहाय्याने हे सर्व एका फाइलीत बांधले जाई. हे किचकट काम सुलभ करणारी ‘रोबोहेल्प’, ‘डॉक-टू-हेल्प’ यांसारखी साधने १९९० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाली. १९९७ मध्ये विनहेल्पची जागा घेण्यासाठी संकेतस्थळांच्या एचटीएमएल या खूणभाषेवर आधारलेली ‘एचटीएमएल हेल्प’ ही पद्धती आली.

साधनांचे प्रकार : प्रचलित साधनांचे पुढीलप्रमाणे पाच वर्ग पाडता येतात.

(१) शब्दसंस्करण व पृष्ठरचना साधने : यांत लेखकाला अंतिम पान लिहितानाच दिसते. शिकण्यास ती सोपी असतात. ‘फ्रेममेकर’ (१९८६) सारख्या साधनांत दीर्घ ग्रंथ, परस्परसंदर्भ व अटींनुसार दाखवावयाचा किंवा वगळावयाचा मजकूर यांची चांगली सोय असते. छापील पुस्तिका हे मुख्य रूप असेल तेव्हा ती उपयुक्त ठरतात.

(२) मदत-लेखन साधने : घटकांची अनुक्रमणिका, शब्दसूची, शोध आणि आज्ञावलीतील विशिष्ट खिडकीशी घटकाची जोडणी या सोयी त्यांत एकत्र असतात. शेवटच्या सोयीमुळे मिळणाऱ्या मदतीला प्रसंगोचित मदत म्हणतात. आज्ञावली प्रत्येक खिडकीला एक क्रमांक देते व साधन त्या क्रमांकाशी घटकाचे नाव जोडते. ज्या क्रमांकाला घटक नाही त्यांची यादी चांगले साधन स्वतःहून देते.

(३) संरचित खूणभाषा : १९९१ मध्ये सुरू झालेली ‘डॉकबुक’ ही ग्रंथाच्या रचनेवर, तर आय. बी. एम. ने विकसित केलेली व २००५ मध्ये ओॲसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली ‘डिटा’ ही संकल्पना, कार्य व संदर्भ अशा घटकप्रकारांवर आधारलेली आहे. कोणत्या घटकात काय असावे याचे नियम संगणक तपासतो. लेखकांना मात्र बरेच प्रशिक्षण द्यावे लागते आणि सुरुवातीचा खर्चही अधिक असतो.

(४) साध्या मजकुराच्या पद्धती : ‘मार्कडाउन’ (२००४), ‘आस्कीडॉक’ (२००२) व ‘रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट’ यांत थोड्याच चिन्हांनी शीर्षके, याद्या व दुवे दर्शवितात आणि ‘स्फिंक्स’ (२००८) सारखी आज्ञावली त्यांतून संकेतस्थळ किंवा ग्रंथ तयार करते. मजकूर कोणत्याही संपादकात उघडतो व ‘गिट’ (२००५) सारख्या आवृत्ती-नोंद प्रणालीत आज्ञावलीच्या शेजारीच ठेवता येतो. कोणत्या दिवशी कोणी कोणते वाक्य बदलले याची नोंद आपोआप राहते. मार्कडाउनच्या अनेक बोली झाल्यामुळे तिचे नेमके नियम ठरविण्याचे प्रयत्न २०१४ पासून ‘कॉमनमार्क’ या नावाने झाले.

(५) आज्ञावलीतील टिपणांतून प्रलेखन तयार करणारी साधने : ‘जावाडॉक’ व ‘डॉक्सिजन’ ही आज्ञावलीकारांनी लिहिलेल्या टिपणांतून संदर्भ-पाने तयार करतात. संदर्भमजकूर आज्ञावलीशी सुसंगत राहण्यास त्यांची मदत होते. परंतु कार्य कसे करावे हे सांगणारा मजकूर स्वतंत्रपणेच लिहावा लागतो.

साधनाचे आयुष्य व मजकुराचे आयुष्य : लेखनसाधनांचा अलीकडचा इतिहास पाहता, साधने अनपेक्षितपणे बंद पडतात किंवा हस्तांतरित होतात, असे दिसते. विनहेल्प पाहण्याची आज्ञावली विंडोज व्हिस्टा (२००७) मध्ये मूळ प्रणालीतून वगळण्यात आली, काही काळ ती वेगळी उतरवून घ्यावी लागे आणि विंडोज १० (२०१५) साठी ती उपलब्ध झाली नाही. एचटीएमएल हेल्पच्या बाबतीत २००५ मधील सुरक्षा-दुरुस्तीनंतर संगणक-जाळ्यावरील सामाईक जागेतून उघडलेल्या मदत-फाइलींचा मजकूर दिसेनासा झाला. ज्या कार्यालयांनी एकच प्रत सर्वांसाठी मध्यवर्ती संगणकावर ठेवली होती, त्यांना ती प्रत्येक संगणकावर वेगळी ठेवावी लागली. फ्रेममेकरची मॅकिंटॉश संगणकांवरील आवृत्ती २००४ मध्ये बंद झाली. रोबोहेल्प तयार करणारी कंपनी २००३ मध्ये मॅक्रोमीडियाने व २००५ मध्ये मॅक्रोमीडिया स्वतः अडोबीने विकत घेतली. मधल्या काळात साधनाचा विकास खुंटला, त्यावर पूर्वी काम केलेल्या काहींनी २००५ मध्ये मॅडकॅप ही नवी कंपनी काढून ‘फ्लेअर’ हे प्रतिस्पर्धी साधन आणले आणि २००७ मध्ये रोबोहेल्पची नवी आवृत्तीही निघाली. या चार वर्षांत त्या साधनात हजारो घटक साठविलेल्या लेखकवर्गाला आपल्या हातात नसलेल्या निर्णयांची वाट पाहावी लागली.

याउलट ज्यांचा मूळ मजकूर उघड व अर्थदर्शक खुणांच्या स्वरूपात होता, त्यांना स्थलांतर तुलनेने सुकर झाले. पायथन या संगणकीय भाषेचे प्रलेखन अनेक वर्षे लाटेकमध्ये लिहिले जात होते. त्यात फलनाचे नाव, घटकसंचाचे नाव इत्यादींसाठी निराळ्या खुणा असल्यामुळे ते रूपांतरक आज्ञावलीच्या साहाय्याने रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये नेता आले आणि पायथन २·६ (२००८) पासून ते स्फिंक्सद्वारे प्रसिद्ध होऊ लागले. लिनक्सच्या गाभ्याच्या प्रलेखनाने २०१६ मध्ये डॉकबुककडून स्फिंक्सकडे वाटचाल सुरू केली, तर फ्रीबीएसडी या प्रणालीच्या प्रलेखनाने २०२१ मध्ये डॉकबुक सोडून आस्कीडॉक स्वीकारले. या तिन्ही उदाहरणांत साधन बदलले, मजकूर टिकला. ‘ठळक’ या खुणेवरून तो शब्द आज्ञेचे नाव आहे की इशारा आहे हे नंतर ओळखता येत नाही. ‘आज्ञा’ या खुणेवरून मात्र ठळक अक्षरे केव्हाही करता येतात. अर्थाकडून रूपाकडे जाणे सोपे, रूपाकडून अर्थाकडे परतणे अवघड, हे या क्षेत्रातील मूलतत्त्व होय.

निवडीचे निकष : साधनांच्या सोयींची यादी समोर ठेवून निवड करण्यापेक्षा गरजांपासून सुरुवात करणे इष्ट असते. पहिला निकष वाचक व माध्यम यांचा. यंत्राजवळ उभा असलेला कामगार, कार्यालयातील लिपिक आणि आज्ञावलीकार यांच्या गरजा भिन्न असतात. जेथे आंतरजाल उपलब्ध नाही तेथे केवळ संकेतस्थळावरील मदत निरुपयोगी ठरते. दुसरा निकष पुनर्वापराचा. उदा., एखाद्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या, तीन भाषा व दोन माध्यमे असल्यास पुस्तिकेची एकूण १२ रूपे होतात. प्रत्येक रूप स्वतंत्र फाइलीत ठेवल्यास एका वाक्याची दुरुस्ती १२ ठिकाणी करावी लागते. एकाच मूळ मजकुरातून सर्व रूपे काढल्यास ती भाषेगणिक एकदा, म्हणजे तीनच ठिकाणी करावी लागते. मात्र एकच माध्यम, एकच भाषा व शंभरएक पाने असतील, तर संरचित खूणभाषेचा व्याप त्यातून होणाऱ्या बचतीपेक्षा मोठा ठरतो.

तिसरा निकष लेखकांचा. आज्ञावलीकारच लिहिणार असतील तर आज्ञावलीशेजारी राहणारा साधा मजकूर त्यांच्या सवयींशी जुळतो. व्यावसायिक तांत्रिक लेखकांचा गट असेल तर मदत-लेखन साधने किंवा डिटा परवडते. चौथा निकष भाषांतराचा. पूर्वी भाषांतरित झालेली वाक्ये साठवून ती पुन्हा सुचविणाऱ्या आज्ञावलींशी, तसेच भाषांतर-मजकुराच्या देवघेवीसाठी २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सलिफ’ या नमुन्याशी साधन जुळले पाहिजे. पाचवा निकष एकूण खर्चाचा. परवान्याच्या किमतीत प्रशिक्षण, जुन्या मजकुराचे रूपांतर व नमुना-पानांची जुळवणी यांचा खर्च मिळवावा लागतो. विनामूल्य साधनांतही हे तीन खर्च टळत नाहीत. सहावा व बहुधा दुर्लक्षिला जाणारा निकष निर्गमाचा : हे साधन उद्या नाहीसे झाले तर मजकूर, चित्रे, दुवे व सूचीतील शब्द कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतील, हा तो प्रश्न होय.

देवनागरीतील प्रलेखन : मराठी व इतर भारतीय भाषांच्या बाबतीत निर्गमाचा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवला. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या टंकांमध्ये अक्षरांना निरनिराळे अंतर्गत क्रमांक असत. टंक उपलब्ध नसल्यास मजकूर रोमन अक्षरांच्या अर्थहीन मालिकेसारखा दिसे व शोध किंवा सूची तयार करणे अशक्य होई. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही एचटीएमएल हेल्पची अनुक्रमणिका व शब्दसूची युनिकोडवर आधारलेली नसल्यामुळे तिच्यात देवनागरी नीट उमटविता येत नसे. घटकांचा मजकूर मराठीत दिसला, तरी त्याच्यापर्यंत नेणारी सूची मराठीत देता येत नसे. कनूथ यांच्या टेकचा युनिकोडशी मेळ घालणाऱ्या ‘झीटेक’ (२००४) या आज्ञावलीमुळे देवनागरी ग्रंथ जुळविणे सुलभ झाले. सूचीचा अकारविल्हे क्रम हीसुद्धा तपासण्याजोगी बाब आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’ नंतर येते, तर युनिकोडच्या क्रमांकांत ते ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे. साधन भाषेनुसार क्रम न लावता केवळ क्रमांकांनुसार लावत असेल, तर मराठी वाचकाला सूचीतील शब्द अपेक्षित जागी सापडत नाहीत. जोडाक्षरे योग्य प्रकारे दिसतात काय, शोधात शब्दाची सामान्यरूपे सापडतात काय (उदा., ‘फाइल’ शोधल्यास ‘फाइलीत’, ‘फाइलींना’), याचीही परीक्षा करावी लागते.

निवडीपूर्वीची चाचणी : जाहिरातीतील नमुन्यावरून निर्णय न घेता आपल्याच मजकुराचा लहान पण प्रातिनिधिक भाग घेऊन साधनाची परीक्षा करतात. अशा भागात एक कार्यपद्धती, एक मोठे कोष्टक, पडद्याची काही चित्रे, आवृत्तीनुसार बदलणारा एक परिच्छेद व संदेशांची एक यादी असणे पुरेसे असते. हा मजकूर लिहून त्याची सर्व अंतिम रूपे काढतात; आज्ञावलीतील एका खिडकीचे नाव बदलले असे समजून दुरुस्ती किती ठिकाणी करावी लागते हे मोजतात; दोन लेखकांनी एकाच वेळी एक घटक बदलल्यास काय होते ते पाहतात; आणि शेवटी संपूर्ण मजकूर बाहेर काढून तो दुसऱ्या साधनात उघडतात. यांपैकी शेवटची पायरी बहुधा गाळली जाते. वस्तुतः तीच सर्वांत आधी करणे हितावह असते; कारण इतर उणिवांवर कामाच्या ओघात उपाय सापडतात, परंतु मजकूर बाहेर काढता न येणे ही उणीव साधन बंद पडल्यानंतरच लक्षात येते आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.